हळदीच्या वाफ्यात शंभर रुपयांचा ओलीचा सेन्सर

काळपट रंगाची, पातीसारखी लांबट पट्टी. वरच्या टोकाला तीन पिनांचं पांढरं कनेक्टर, त्याखाली चार-दोन बारीक पार्ट आणि मग नुसता सपाट बोर्ड. लांबी ९८ मिलिमीटर, रुंदी २३. अंगावर ‘कपॅसिटिव्ह सॉइल मॉइश्चर सेन्सर व्ही १.२’ असं छापलेलं. ऑनलाइन शंभरच्या आसपास मिळतो. सांगलीत सुटे इलेक्ट्रॉनिक पार्ट ठेवणाऱ्या दुकानात असला तर थोडा महाग पडतो, पण हातात घेऊन बघता येतो आणि या वस्तूच्या बाबतीत ते फार मोलाचं आहे. का ते पुढे येईलच.

निकाल आधीच सांगतो. पैसे वसूल करणारी वस्तू आहे. पण पाकिटातून काढली आणि थेट वाफ्यात खुपसली तर पंधरा दिवसांत आकडे भरकटतात आणि दोष मात्र आकडे वाचणाऱ्या कंट्रोलरच्या प्रोग्रामला दिला जातो. तपासणं, लेपणं आणि आपल्या रानाच्या वाफशावर (जादा पाणी निथळून राहिलेल्या योग्य ओलीवर) लावणं ही तीन कामं खरेदीतच धरावीत. ती करायची नसतील तर शंभर रुपयेही वाया.

दोन काट्यांचा जुना सेन्सर याच्या निम्म्या किमतीत मिळतो, तो शेतासाठी विचारातच घेऊ नये. त्याच्या काट्यांतून मातीत करंट वाहतो, विद्युत अपघटनाने तांबं खाल्लं जातं आणि काही आठवड्यांत एक काटा काळा-हिरवा पडतो. कुंडीपुरता ठीक.

कपॅसिटिव्ह पट्टीत धातू मातीला लागत नाही. आतमध्ये ५५५ टायमर नावाची चिप (आयसी) साधारण दीड मेगाहर्ट्झच्या आसपास चौकोनी लहरी काढतो. त्या १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून पट्टीवरच्या तांब्याच्या पत्र्यांकडे जातात. भोवती ओल जास्त असेल तर पत्र्यांची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते, लहरींच्या कडा बोथट होतात, उंची घटते. डायोड आणि कपॅसिटर मिळून ती उंची पकडून ठेवतात आणि तेच व्होल्टेज बाहेर येतं. म्हणजे आकडा उलटा चालतो: ओल वाढली की व्होल्टेज उतरतं. पहिल्यांदा वापरणारे इथे हमखास गोंधळतात.

आता तपासणी. हा बोर्ड एका कारखान्याचा नाही. तोच आराखडा अनेक जण उचलतात आणि जो तो आपापल्या परीने पैसे वाचवतो. त्यामुळे छापलेल्या आवृत्तीवर विसंबू नये, प्रत्येक नग वेगळा बघावा.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून आधी आठ पायांची आयसी वाचावी. टीएलसी५५५ असेल तर उत्तम. एनई५५५ असेल तर नग बाजूला ठेवावा. एनई५५५ला किमान ४.५ व्होल्ट लागतात आणि एवढा वेगही त्याला झेपत नाही. बोर्डवर रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा पार्ट) असेल तर तुम्ही ५ व्होल्ट दिलेत तरी आयसीपर्यंत ३.३च पोचतात, मग आकडा एकाच जागी अडकल्यासारखा राहतो. रेग्युलेटर नसेल तर ५ व्होल्टवर तो कसाबसा चालतो, पण बाहेर येणारं व्होल्टेज ३.३च्या वर जाऊ शकतं आणि ईएसपी३२ची (आकडा वाचणाऱ्या छोट्या वाय-फाय कंट्रोलर बोर्डची) पिन त्यात जळते.

मग रेग्युलेटर. तीन पायांचा, तांदळाच्या दाण्याएवढा, अंगावर ६६२के असं लिहिलेला पार्ट. काही नगांवर त्याची जागा रिकामी असते आणि सरळ जोडणी करून दिलेली असते. असा नग चालतो, पण मग पुरवठा जितका हलेल तितका आकडा हलतो.

तिसरी खोड सगळ्यात फसवी. बाहेरच्या पिनेपासून ग्राउंडला जाणारा १ मेगाओहमचा रेझिस्टर बोर्डवर दिसतो, डाग (सोल्डर) नीट असतो, पण काही नगांत ग्राउंडच्या थरात उतरणारं बारीक भोक पाडलेलंच नसतं. रेझिस्टरचं एक टोक अधांतरी. मग कपॅसिटरमध्ये साठलेलं व्होल्टेज उतरायला वाटच राहत नाही. कोरड्यातून ओल्यात नेलं तर आकडा गोगलगायीच्या गतीने खाली येतो. उलट ओल्यातून कोरड्यात नेलं तर लगेच चढतो. शेतात याचा अर्थ काय? पाणी दिल्याचं सेन्सरला उशिरा कळणार.

तपासायला मीटर पुरे. सप्लाय काढलेला, मीटर २ मेगाओहमच्या रेंजवर, लाल काटा एआउटला (आकडा बाहेर देणाऱ्या पिनेला), काळा जीएनडीला (ग्राउंडला). दहा लाख ओहमच्या जवळपास आकडा आला तर ठीक. काहीच दाखवलं नाही तर भोक नाही. काटे उलटे लावू नयेत, डायोडमुळे भलतंच वाचन येतं. दुरुस्ती मात्र दोन मिनिटांची: १ मेगाओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर, म्हणजे तपकिरी-काळा-हिरवा, एआउट आणि जीएनडीच्या पिनांवर थेट डाग देऊन लावायचा. नग फेकायची गरज नाही.

इथे एक गंमत आहे. नोडएमसीयू या कंट्रोलर बोर्डच्या ए-शून्य पिनेवर आतच २२० आणि १०० किलोओहमची विभागणी असते. सेन्सर जोडला की या ३२० किलोओहममधून कपॅसिटर आपोआप रिकामा होतो, त्यामुळे सदोष सेन्सरही तिथे ठणठणीत वाटतो. तोच काढून ईएसपी३२ किंवा अर्डुइनो उनोला लावला की रडतो. ‘जुन्या बोर्डवर चालत होता, नव्याने बिघडवला’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. शिवाय त्या ३२० किलोओहमचा भार पडल्यामुळे आकडेही थोडे खाली सरकतात. म्हणून एका बोर्डवर घेतलेले आकडे दुसऱ्यावर वापरू नयेत.

शेवटी पाण्याचा पेला. हवेत धरून व्होल्टेज बघायचं, मग पट्टीवरच्या पांढऱ्या रेषेपर्यंत पाण्यात बुडवायचं. हवेत साधारण २ ते ३ व्होल्टच्या मध्ये कुठेतरी, पाण्यात दीडच्या आसपास किंवा त्याखाली. नेमका आकडा प्रत्येक नगाचा वेगळा. एका सेकंदात उतरला पाहिजे आणि पुसल्यावर एका सेकंदात चढला पाहिजे. दोन्ही आकडे पक्क्या मार्करने पट्टीच्या पाठीवर लिहून ठेवावेत. हंगाम संपल्यावर उपयोगी पडतात. सोबत आलेल्या वायरच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. लाल वायर जीएनडीवर आलेलीही पाकिटं असतात. बोर्डवरची छपाई बघूनच जोडणी करावी.

लेपण्याच्या कामात लोक सगळ्यात जास्त कंजूषी करतात आणि सेन्सर मरतो तो इथेच. पट्टीच्या दोन्ही सपाट बाजूंवर रंगाचा थर असतो, पण कापलेल्या कडा उघड्या असतात. काचतंतूचा थर कडेने पाणी शोषतो, बोर्ड आतून ओला होतो आणि माती वाळली तरी सेन्सर ‘ओल आहे’ म्हणत राहतो. वरच्या पार्टांना तर काहीच आडोसा नाही. कुंडीत पांढऱ्या रेषेच्या वरचा भाग बाहेर ठेवता येतो. हळदीच्या गादीवाफ्यात मात्र पट्टी मुळांच्या पट्ट्यात हवी, म्हणजे १५ सेंटिमीटरवर. अख्खा सेन्सर पुरला जातो.

आधी पांढरं कनेक्टर काढून टाकावं. ते पाण्यात गंजतं, शिवाय त्याच्या जाडीमुळे श्रिंक ट्यूब २५ मिलिमीटरची लागते. काढलं तर २० मिलिमीटरची आरामात चढते. वायरीसाठी सीसीटीव्हीची ३+१ केबल उत्तम. तिच्यातली जाळीच्या आतली तार सिग्नलला, जाळी जीएनडीला, एक साधी तार व्हीसीसीला (सप्लायच्या पिनेला). मोटरीच्या स्टार्टरजवळून केबल गेली तरी आकडे उड्या मारत नाहीत. लांबी मात्र दोन-तीन मीटरच ठेवावी. कंट्रोलर सेन्सरजवळ न्यावा, सेन्सर कंट्रोलरजवळ ओढू नये.

डाग झाले, पुन्हा पेल्याची चाचणी झाली, की कडांना नेलपॉलिश. साधं, बिनचमकीचं. चमकीत धातूची पूड असू शकते. तीन हात, मध्ये अर्धा अर्धा तास. टोकाच्या अणकुचीदार भागावर एक हात जास्त, कारण खुपसताना तिथलाच लेप आधी खरवडतो. वरच्या पार्टांवर दोन भागांचा इपॉक्सी, राळ आणि हार्डनर अगदी समान. २४ तास घेणारा साधा प्रकार वापरावा. पाच मिनिटांत धरणारा पाण्यात तितके दिवस टिकत नाही. इपॉक्सी ओला असतानाच श्रिंक ट्यूब चढवून गरम हवा दिली की तो दोन्ही टोकांनी बाहेर फुगतो आणि तोंडं बंद होतात. केबल जिथे आत शिरते तिथे अर्धा इंच जास्त भरावा. ग्लू गनचा गोंद या कामाला नको. उन्हाने तो बोर्डपासून सुटतो आणि फटीत पाणी साचतं, म्हणजे न लेपल्यापेक्षा वाईट.

वाळल्यावर अख्खा सेन्सर केबलसकट बादलीत. दहा मिनिटांनी आकडा लिहायचा, चोवीस तासांनी पुन्हा. जवळपास तोच राहिला तर पुरायला हरकत नाही. खाली सरकत गेला असेल तर पाणी आत शिरतंय. दोन दिवस वाळवून पुन्हा लेप.

आता मुख्य गोष्ट, आकड्याला अर्थ देणं. बहुतेक प्रोग्राम हवेतला आकडा शून्य टक्के आणि पाण्यातला शंभर टक्के धरतात. मोबाइलवर छान दिसतं, शेतात निरुपयोगी. काळ्या रानात ‘४७ टक्के’ म्हणजे काय हे कुणालाच सांगता येत नाही. शेतकऱ्याला एकच मोजमाप पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे: वाफसा. सेन्सरही त्यावरच लावावा.

ड्रीपखालची जागा पूर्ण भिजेल इतकं पाणी द्यावं. काळ्या जमिनीत जादा पाणी निथळायला दोन ते तीन दिवस लागतात, मुरमाड रानात एक दिवस पुरतो. त्यानंतर सकाळी सहाच्या सुमाराला सेन्सरचा आकडा घ्यावा आणि सेन्सरपासून वीतभर अंतरावर, त्याच खोलीवरची माती मुठीत दाबून बघावी. गोळा होतो, बोटाला ओल लागते पण पाणी सुटत नाही आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटतो, तर हा वाफसा. हा आकडा वरची खूण. मग पाणी बंद ठेवून रोज सकाळी दोन्ही बघायचं. ज्या दिवशी गोळा धरेना, दाबल्यावर भुगाच होतो, त्या दिवसाचा आकडा खालची खूण. हळदीला तिथपर्यंत ताणू नये. दोन्ही खुणांच्या मधल्या अंतराचा साधारण तिसरा हिस्सा आकडा कोरड्याकडे सरकला की पाणी. आणि वाफशाच्याही वर, म्हणजे जास्त ओलीकडे, आकडा दोन-तीन दिवस थांबला तर पाणी साचतंय, कंदकुजीला आमंत्रण. पाणी कधी द्यावं यापेक्षा कधी थांबवावं हे सांगण्यात या शंभर रुपयांचा खरा उपयोग आहे.

ज्यांना टक्केवारीच हवी असेल त्यांनी प्लॅस्टिकच्या एक लिटरच्या डब्यावर करावं. वाळवून चाळलेली १.२ किलो माती, त्यात दर वेळी १०० मिलिलिटर पाणी, पिशवीत नीट कालवून रात्रभर ठेवायची, मग डब्यात ठोकून पुन्हा एक लिटरच्याच खुणेला आणायची आणि आकडा घ्यायचा. प्रत्येक १०० मिलिलिटर म्हणजे आकारमानाने १० टक्के. काळी माती भिजली की फुगते, त्यामुळे ३० टक्क्यांच्या पुढे खुणेला बसवताना हात दुखतात. आणि उन्हात वाळलेल्या काळ्या मातीतही थोडं पाणी उरलेलंच असतं. खरा शून्य हवा तर नमुना १०५ अंशांवर २४ तास वाळवून वजनातला फरक धरावा लागतो. इतकं करण्यापेक्षा मुठीची परीक्षा बरी.

पुरताना पट्टी आडवी, पण कडेवर उभी ठेवावी. सपाट टाकली तर तिच्या अंगावरच पाणी थबकतं. आधी पोलादी पट्टीने फट पाडायची, त्याच मातीचा पातळ गारा पट्टीला माखायचा, आत सरकवून बाजूने दाबायचं. पातं आणि माती यांच्यात केसाएवढी पोकळी राहिली तरी सेन्सर हवाच मोजतो. काळं रान भेगाळतं तेव्हा नेमकी सेन्सरच्या कडेने भेग गेली की आकडा एका दिवसात कोरड्याकडे उडी घेतो. असं दिसलं तर पाणी सोडण्याआधी उकरून बघावं. ड्रीपरपासून १० ते १५ सेंटिमीटर बाजूला ठेवावा. अगदी ड्रीपरखाली ठेवला तर तो कायम ओलाच. दुसरा सेन्सर ३० सेंटिमीटर खोल टाकता आला तर बहार, कारण तिथला आकडा ओला झाला की पाणी मुळांच्या खाली चाललंय हे कळतं. केबल टाकाऊ १६ मिलिमीटरच्या लॅटरलमधून (ड्रीपच्या नळीतून) न्यावी. उंदीर आणि खुरपं दोन्हींपासून वाचते.

आकडे घेण्याबद्दल थोडक्यात. ईएसपी३२वर ३२ ते ३९ या पिना वापराव्यात. दुसऱ्या गटातल्या वाय-फाय चालू असताना वाचता येत नाहीत. पिनेवर १०४ नंबरचा कपॅसिटर ग्राउंडला लावावा. सेन्सर साधारण ५ मिलिअँपिअर घेतो, तेवढं एखादी आउटपुट पिन देते. म्हणून सप्लाय पिनेवरून द्यायचा, अर्धा सेकंद थांबायचं, पंधरा वाचनं घ्यायची, चढत्या क्रमाने लावून मधल्या पाचांची सरासरी आणि मग सप्लाय बंद. सतत चालू ठेवला तर २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी नुसता सेन्सरच सोळा-सतरा दिवसांत पिऊन टाकतो. एकाच १८६५० (लिथियम) सेलवर अख्खा बोर्ड चालवत असाल तर बोर्डवरच्या १११७ रेग्युलेटरला वर जवळजवळ एक व्होल्ट लागतो हे लक्षात ठेवावं. सेल उतरला की ३.३च्या जागी २.८-२.९ मिळतात आणि माती न बदलता आकडा बदलतो. सोबत बॅटरीचं व्होल्टेजही नोंदवलं की खरं-खोटं कळतं.

वेळ पहाटेची का? तापमानाने आकडा हलतो. दुपारी वरची माती तापते तेव्हाचं वाचन आणि सकाळचं वाचन यांची तुलना करू नये. रोजची एकच वेळ धरावी.

आता उणीव, जिच्यावर लेपही चालत नाही आणि डागही. दीड मेगाहर्ट्झ ही वारंवारता मातीच्या मोजणीसाठी कमी आहे. काही महागडे सेन्सर ७० मेगाहर्ट्झवर चालतात ते उगाच नव्हे. कमी वारंवारतेला मातीतले क्षारही ओलीसारखेच दिसतात. कृष्णाकाठी मिरज, पलूस, वाळवा तालुक्यांत क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. तिथे हा सेन्सर प्रत्यक्षापेक्षा जास्त ओल दाखवतो. गोड रानात काढलेल्या खुणा खारवट रानात नेल्या तर पीक सुकेपर्यंत सेन्सर निवांत. तसंच व्हेंच्युरीतून (ड्रीपच्या पाण्यात खत ओढणाऱ्या जोडणीतून) पोटॅश सोडल्यावर आकडा अचानक ओल्याकडे जातो. त्या दिवशीची नोंद वेगळी खूण करून ठेवावी आणि त्यावरून पाण्याचा निर्णय घेऊ नये. द्राक्षबागेत, जिथे खतं जवळपास रोज ड्रीपमधून जातात, तिथे म्हणूनच टेन्शिओमीटर बरा. त्याला क्षारांशी देणं-घेणं नाही, मुळांना पाणी ओढायला किती जोर लागतो तेच तो मोजतो. पाणी भरत राहण्याचा व्याप आहे आणि किंमत कितीतरी पट, पण बागेच्या खर्चापुढे ती काहीच नाही.

या सेन्सरवर मोटर परस्पर चालू-बंद करणारी जोडणी करू नये, हेही स्पष्ट सांगावंसं वाटतं. केबल तुटली तर पिन अधांतरी राहून आकडा कुठेही जातो आणि मोटर रात्रभर चालते. तसंही थ्री फेज लाईट पाळीने येते; सेन्सरला सकाळी सहाला तहान कळली म्हणून मोटर सहाला चालणार नाही. मोबाइलवर आकडा येऊ द्यावा, बटण माणसाने दाबावं.

गरजेपेक्षा दोन नग जास्त मागवावेत, तपासणीत गळतात. आणि भरणीचा दिवस विसरू नये. लागणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी हळदीला माती लावतात, तेव्हा पट्टी मोडते तरी किंवा वर माती चढून १५ची २५ सेंटिमीटर होते. आदल्या दिवशी काढून धुवावी, दोन दिवस सावलीत वाळवावी, पाठीवर लिहिलेल्या हवेच्या आणि पाण्याच्या आकड्यांशी ताडून बघावी. आकडे बरेच खाली आले असतील तर कड उसवली आहे. जुळले तर भरणीनंतर नव्या खोलीवर पुन्हा पुरून, वाफशाच्या खुणा नव्याने घ्याव्यात. जागेवर लाल चिंधीची काठी रोवावी. काढणीला ट्रॅक्टर शिरतो तोवर पाला वाळून आडवा झालेला असतो आणि केबल कुठून गेली हे कुणालाच आठवत नाही.